लोखंड उतरवा

"लोखंड उतरवा!"

डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून पष्टे सरांनी ही आरोळी ठोकली, की आमच्या शाळेची सहल पोलिसांनी धरून आणलेल्या टोळीसारखी दिसायला लागायची. गावातून सोबतीला आलेल्या बापयांच्या कमरेची आकडी सुटायची, आकडीतला कोयता निघायचा. मग पट्टे, किल्ल्या, छत्र्या, जेवणाचे डबे आणि बाईंच्या पदराच्या सेफ्टी पिनासुद्धा. बाई पदर सावरत कुरकुरायच्या, "सर, एवढ्याशा पिनेनं काय होतंय?" सर शांतपणे म्हणायचे, "बाई, एवढ्याशा पिनेनं तुम्ही मुरबाडच्या ऐवजी मोखाड्याला पोचाल."

सगळं लोखंड एका गोणपाटाच्या झोळीत जायचं. झोळी घेणाऱ्यानं रांगेच्या अगदी शेवटी चालायचं आणि सरांनी हाक मारली तरी जवळ यायचं नाही. पाणी पाहिजे असेल तर झोळी खाली ठेवून यायचं.

हे सगळं सरांच्या गळ्यात शर्टाच्या आत लटकणाऱ्या होकायंत्रासाठी. पितळेचं, तळहाताएवढं, काळा रंग जागोजागी उडालेला. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेलं. साध्या होकायंत्रासारखं हे नुसतं उत्तर दाखवून गप्प बसत नसे. त्याच्या झाकणाला फट होती आणि फटीत एक उभा केस ताणून बसवलेला. दुसऱ्या बाजूला छोटा लोलक. लोलकाला डोळा लावायचा, केसाच्या रेषेत समोरचं झाड नाहीतर सुळका धरायचा, की त्याच वेळी लोलकात खालचे आकडे दिसत. तो आकडा म्हणजे त्या झाडाचा कोन. कोन धरून त्या झाडापर्यंत चालायचं, तिथून पुन्हा त्याच कोनात पुढची खूण धरायची. धुकं असो, माणसाच्या डोक्यावरून जाणारं गवत असो, माणूस सरळ रेषेत बरोबर मुक्कामाला पोचतो. "माणूस खोटं बोलेल," सर म्हणायचे, "सुई बोलणार नाही. तिला आपल्याशी काही देणंघेणंच नाही."

सर भूगोल शिकवायचे, मी गणित. टोकावड्याच्या रस्त्यावरच्या त्या शाळेत मी लागलो तेव्हा सर तिथले जुने झाले होते. पहिल्याच सहलीला त्यांनी माझी उंची डोळ्यांनी मोजली आणि म्हणाले, "तुझा खांदा बरोबर आहे." सरांच्या हाताला थोडा कंप होता. कोपर कशावर तरी टेकवल्याशिवाय सुई स्थिर होत नसे. तेव्हापासून माझा डावा खांदा सरांची तिपाई झाला. ते कोपर टेकवायचे, एक डोळा मिटायचे, आणि माझ्या कानाशी त्यांचा श्वास थांबायचा. तेवढा वेळ मीही श्वास घेत नसे. पुढे जे सांगायचं आहे त्यात हा खांदा येतो, म्हणून सांगून ठेवतो.

सर बोलतानाही कोनातच बोलायचे. शिपायाला खडू मागताना "नव्वद अंशातलं कपाट" म्हणायचे. शिपाई बिचारा सगळी कपाटं उघडून बघायचा. घरी त्यांनी लोखंडी खाट विकून सागाची केली, कारण खाटेशेजारी सुई अस्वस्थ होत होती. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी चहाचा कप पुढे करत म्हणायच्या, "माझी जोडवी चांदीची म्हनून मला ठेवलंय घरात. नायतर खाटेसंगं मी पन गेले असते."

मुरबाडच्या स्टँडवर एक जीपवाला होता, दिनू नावाचा. कल्याणचं सीट भरताना त्याला सर दिसले, की तो मुद्दाम ओरडायचा, "सर, कल्याण किती अंशात?" सर खरंच यंत्र काढायचे, दिनूला म्हणायचे, "आधी गाडी लांब घे." भरलेली जीप मागे घ्यायला लावून ते कोन सांगायचे. दिनू जीपमधल्या लोकांकडे वळून म्हणायचा, "ऐकला ना? चला, त्याच अंशात जायचंय, दहा रुपये." लोक हसायचे. सरही हसायचे, पण कोन सांगितल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर असायचं.

सरांची सरळ रेषा हा तालुक्यातल्या लोकांच्या करमणुकीचा विषय होता. वाटेत काय येतं याच्याशी रेषेला कर्तव्य नसे. एकदा सहलीच्या रेषेत एका म्हातारीचं घर आलं. मी म्हटलं, "सर, वळसा घालू या." सर म्हणाले, "एकदा वळलास की वळलास." आणि चपला हातात घेऊन पुढच्या दारातून आत शिरले. मागून मी, माझ्यामागून पोरांची रांग. म्हातारी चुलीपुढं बसली होती.

"कोन गो बाय? कोन पावनं?"

"मी नैर्ऋत्येकडचा, आजी. पलीकडे ईशान्येला चाललोय."

"नैरूत्य? कुठशी आला हा गाव?" म्हातारीनं पोरांकडं बघितलं. "आन् येवढी पोरा तुमचीच?"

"शाळेची आहेत."

"मंग बसा ना रे. उभ्या उभ्या कुठं चालले? चाय ठेवते."

सर चूल ओलांडून मागच्या दारात पोचले होते. तिथं ते थांबले, माझ्या खांद्यावर कोपर टेकवलं, कोन तपासला, तो बरोबर निघाला. मग त्याच रेषेत मागे येऊन चहा प्यायले. पुढच्या वर्षी सहल तिथून गेली तेव्हा म्हातारीनं मोठं पातेलं आधीच चढवून ठेवलं होतं आणि विळी, कोयता, उलथनं सगळं शेजारणीकडे नेऊन ठेवलं होतं. सरांचं यंत्र कुणी मनापासून मानलं असेल तर त्या म्हातारीनं. बाकी सगळ्यांना ती गंमत होती. सर गाडीनं जाण्याच्या जागी चालत जायचे, पायवाट असलेल्या डोंगरावर गवतातून जायचे. पोचायचे बरोबर, पण जिथं सगळे आधीच पोचलेले असायचे तिथं. खरं काम असं त्या यंत्राला कुणी कधी दिलंच नव्हतं.

ते माझ्या लग्नात मिळालं.

आमचं गाव शहापूर तालुक्यातलं, सासुरवाडीचं पळसपाडा मुरबाड तालुक्यातलं. मध्ये एक डोंगर. रस्त्यानं मोठा वळसा. मार्गशीर्षातली सकाळ, धुकं एवढं की मांडवातून आमची विहीर दिसत नव्हती. आणि वऱ्हाडाच्या टेम्पोचा पाटा तुटल्याचा निरोप आला. दुसरी गाडी मिळेपर्यंत सकाळचा मुहूर्त गेला असता.

बाळूकाका, म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणाले, "डोंगरावून पायवाट हाय की. ढोरा रोज जातात."

सर मांडवात बसले होते. ते उठले. "पायवाट पाणवठ्यावरून फिरून जाते. आणि धुक्यात तिला तीन फाटे आहेत. मी सरळ नेतो." मग माझ्या वडिलांपुढे जाऊन खालच्या आवाजात म्हणाले, "मला एकदा नेऊ द्या." एवढ्या वर्षांत मी त्यांना कुणाकडे काही मागताना ऐकलं नव्हतं. वडील म्हणाले, "न्या गुरुजी. तुमच्यावर सोडला."

आणि आरोळी झाली. लोखंड उतरवा!

वऱ्हाडाचं लोखंड झोळीत जमा झालं. शेवटी सर माझ्यासमोर आले आणि माझ्या हातातल्या कट्यारीकडे बघू लागले. हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात लोखंड असतं आमच्याकडे. कट्यार, टोकाला लिंबू. लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही, बाहेरचं वारं लागतं. मी हात पुढे केला आणि आई मध्ये आली.

"गुरुजी, नवऱ्याच्या अंगावर लोखंड नको? पोराला काय वाऱ्यावर सोडू?"

"आई, कोपर त्याच्याच खांद्यावर टेकायचं आहे मला. कट्यार राहिली तर सुई फिरेल आणि तुमचा नवरा भलत्याच मांडवात उभा राहील."

"मंग दुसऱ्याचा खांदा घ्या."

"दुसरा खांदा उंचीला बसत नाही."

आईनं आधी माझा खांदा बघितला, मग सरांचं कोपर. मग म्हणाली, "बरा. नाय ठेवत लोखंड. शब्द देते." कट्यार लिंबासकट झोळीत गेली. ती झोळी बाळूकाकांकडे, सगळ्यांच्या मागे.

आत जाऊन आईनं माझा फेटा पुन्हा बांधला. बांधताना पिवळ्या फडक्याची एक पुरचुंडी डाव्या कानाच्या वर घडीत खोचली आणि करकचून आवळली. "राखन हाय," ती म्हणाली. "सोडायची नाय, कोनाला बोलायचा नाय. गुरुजींना तर अजिबात नाय." आत काहीतरी टणक होतं. ते कानशिलाला टोचत होतं. मला विचारायचीही गरज वाटली नाही. राखण म्हणजे लोखंड, एवढं आमच्याकडच्या शेंबड्या पोराला कळतं.

डोंगरावर पहिला कोन घेताना सरांनी कोपर टेकवलं, डोळा मिटला, उघडला. "तुझ्याकडे लोखंड?"

"नाही सर."

एवढंच. सरांचं यंत्र माझ्या फेट्यापासून वीतभरावर होतं.

निघालो. बाजेवाल्यांच्या ढोलांना लोखंडी कड्या होत्या, म्हणून सरांनी त्यांना पुढे पिटाळलं. "आवाज ऐकू येईल एवढ्या लांब राहा." ते पांढरे गणवेश घातलेले चौघे धुक्यात विरघळले आणि पुढून कुठूनतरी ढोल वाजू लागला. सरांनी कोन घेतला. "तो पांढरा खडक दिसतो ना? तो धरायचा." वऱ्हाड गवतातून, करवंदीच्या जाळ्यांतून खडकाकडे निघालं. साड्या फाटत होत्या. करवल्या सरांच्या नावानं गाणी म्हणत होत्या, ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. खडक काही लवकर येईना. मग सर थांबायचे, पुन्हा कोन, पुन्हा पुढचा पांढरा खडक. मागून बाळूकाका ओरडायचे, "गुरुजी, पायवाट डावीकडं राह्यली वं!" सर न वळता म्हणायचे, "राहू दे तिला." त्यांची मान ताठ होती. शंभर माणसं त्यांच्या सुईमागे चालली होती. मी त्यांना एवढं सुखी पुन्हा कधी पाहिलं नाही, म्हणजे बरीच वर्षं नाही.

प्रत्येक कोनाला मी म्हणत होतो, आता सांगू. आणि प्रत्येक कोनाला आई मागून बघत होती.

धुकं उठलं तेव्हा आम्ही एका गावात उतरत होतो. पारावर आमचे बाजेवाले आधीच टेकून विड्या ओढत होते. आम्हाला बघून त्यांनी घाईघाईनं वाजवायला घेतलं. घराघरांतून माणसं बाहेर आली.

"कोनाचा वराड?" एकानं विचारलं.

बाळूकाका म्हणाले, "तुमच्याच गावात आलो ना आमी."

"आमच्याकडं? आमच्याकडं यंदा कोनाचा लगीनच नाय."

ते खैरपाडा होतं. पळसपाडा पुढच्या सोंडेपलीकडे. खैरपाड्याची माणसं चांगली, त्यांनी गूळपाणी दिलं, एका म्हाताऱ्यानं तर घरच्या बायकांना मला ओवाळायला लावलं, आलेला नवरा तसाच कसा पाठवायचा म्हणून. पण मुहूर्त गेला. पळसपाड्याला पोचलो तर जेवणाच्या पंगतीही उठलेल्या. लग्न गोरजावर लागलं. मंगलाष्टकांच्या आधी माझे सासरे सरांपुढे हात जोडून म्हणाले, "गुरुजी, यंत्र झकास हाय तुमचा. आमच्या गावाचा नाव फक्त त्याच्यात घालायचा राह्यला."

मांडव हसला. सरांनी गळ्यातून यंत्र काढलं आणि बाळूकाकांसमोर जाऊन, सगळ्यांच्या देखत, लोखंडाच्या झोळीत टाकलं. कोयते, पट्टे, किल्ल्यांच्या ढिगात. मी अंतरपाटाच्या अलीकडे उभा राहून ते पाहिलं. फेट्यातलं टणक कानशिलाला टोचत होतं.

त्यानंतर सरांनी सहली काढल्या, त्या एसटीनं. स्टँडवर दिनू विचारायचा, "सर, नवरा कुठल्या अंशात सोडू?" सर यंत्र काढत नसत. मान खाली घालून जीपमध्ये बसत, भरलेल्या जीपमध्ये, चारी बाजूंनी लोखंडात. मी पुढे वाशिंदच्या शाळेत बदली मागून घेतली. बायकोला सांगितलं लोकलची सोय. मला सरांसमोर रोज डबा उघडणं जमत नव्हतं. आईला मी त्या पुरचुंडीबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिचा शब्द खोटा होता हे तिच्या तोंडून ऐकावं लागलं असतं.

आई गेल्यावर तिची पेटी उपसताना तळाशी ते पिवळं फडकं निघालं. गाठ तशीच. मी ते खिशात घातलं आणि सरांच्या घरी गेलो. सर निवृत्त झाले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, ऑपरेशनचं नाव काढलं की चिडायचे, असं काकूंनी दारातच सांगितलं. मी एका दमात सगळं बोललो. फेटा, पुरचुंडी, "नाही सर", सगळं. बोलून झाल्यावर पुरचुंडी खिशातून काढून हातात धरली.

"लोखंड?" सर म्हणाले. "फेट्यात?"

"हो सर."

"डाव्या बाजूला?"

"हो."

सर ताडकन उठले. "अगं ऐकलंस का! लोखंड होतं! नवरा लोखंडाचा होता!" मला शिव्या देतील, निदान दाराबाहेर काढतील, अशी तयारी करून मी आलो होतो. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. झोळीतून परत आल्यापासून माळ्यावर पडलेलं यंत्र काढलं, धोतरानं पुसलं, आणि मला दंडाला धरून खळ्यावर नेलं. काकूंचा खुरपं घेतलेला हात बघून ओरडले, "लांब! लांब हो!" कित्येक वर्षांनी ती आरोळी ऐकली.

"माझे डोळे गेले. आकडा तू वाचायचास," म्हणत त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं आणि खांद्यावरचा टॉवेल स्वतःच्या डोक्याला फेट्यासारखा गुंडाळला. माझ्यासमोर ताठ उभे राहिले. "टेकव कोपर. आधी पुरचुंडीशिवाय."

मी सरांच्या डाव्या खांद्यावर कोपर टेकवलं. समोरच्या सुळक्याचा कोन वाचला.

"आता खोच."

मी पुरचुंडी त्यांच्या कानावर, टॉवेलच्या घडीत खोचली. डोळा लोलकाला लावला. केसाच्या रेषेत सुळका. खाली आकडा.

तोच.

मी पुरचुंडी पुढे सरकवली, मागे सरकवली, यंत्राला जवळजवळ चिकटवली. सुई ढिम्म. तिला आमच्याशी काही देणंघेणंच नव्हतं.

"हलली?" सरांचा श्वास थांबला होता. मला तो खांद्यातून कळत होता.

"हलली सर."

"किती?"

"बरीच."

"बरीच हा काय अंश आहे का, गाढवा? गणित शिकवतोस ना?"

आमच्या डोंगराच्या माथ्यावरून पळसपाडा आणि खैरपाडा यांच्यामध्ये किती कोन पडतो हे मला पाठ होतं. वर्षानुवर्षं रात्री झोप लागेपर्यंत मी तो मोजला होता. "पंधरा," मी म्हणालो. "उजवीकडे पंधरा."

सरांनी हवेत बोटानं डोंगर काढला, दोन गावं मांडली, आणि बोट खैरपाड्यावर टेकवलं. "म्हणजे बरोबर आलो होतो! लोखंड धरलं तर बरोब्बर खैरपाड्यालाच यायला पाहिजे होतं! सुई खोटं बोलली नाही रे." आणि माझ्या पाठीत गुद्दा घातला. "तू बोललास."

ते मला सोडायला स्टँडवर आले, टॉवेल डोक्यावर तसाच. दिनूची जीप लागली होती. मी मागच्या बाकावर बसलो. सर पुढे दिनूला हातवारे करून समजावत होते आणि त्यांचं कोपर दिनूच्या खांद्यावर होतं. मी पुरचुंडीची गाठ सोडली. आत एक बिब्बा, एक हळकुंड आणि एक सुपारी. आईनं शब्द दिला होता आणि पाळला होता.

मग चूक कुठे झाली, हे मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःला विचारलं. तोवर माझ्या अपराधाखेरीज दुसरीकडे बघायला मला फुरसतच नव्हती. आणि उत्तर स्टँडच्या मागेच उभं होतं. आमचे डोंगर. वरपासून खालपर्यंत काळेकुट्ट. आमच्या डोंगरात पांढरा खडक आला कुठून? आणि तोही पुढे पुढे चालणारा? आम्ही सरांच्या सुईमागून जात नव्हतो. लोखंडी कड्यांचे ढोल घेतलेल्या चार पांढऱ्या गणवेशांमागून चाललो होतो, आणि ते मागे वळून बघत असणार, वऱ्हाड येतंय म्हणजे वाट बरोबर.

मी उतरलो नाही. त्यानंतर सर होते तोवर गेलो-आलो, पण सांगितलं नाही. त्या पहिल्या "नाही सर"ची लाज मी उगाच बाळगली, ते उत्तर खरंच निघालं. "हलली सर" हे मात्र निखालस खोटं. सर आता नाहीत, म्हणून लिहितो आहे. बोलायची वेळ पुन्हा आली तर पुन्हा तेच बोलेन.

दिनूनं जीप सुरू केली. मागच्या काचेतून बघितलं, तर डोक्याला टॉवेल बांधलेले सर रस्त्याच्या मध्ये उभे. यंत्र डोळ्याला लावलेलं, आम्ही कुठल्या अंशात चाललोय ते बघत होते. आकडा त्यांना दिसणार नव्हता. मागून एसटी हॉर्न वाजवत होती. सरांनी न वळता हात वर केला आणि तिला थांबवलं.

"लांब घ्या!" त्यांचा आवाज जीपपर्यंत आला. "लोखंड!"